दुसऱ्याच्या मनाचा शेजार

परक्या घराचा उंबरठा ओलांडताच, अजून कोणी 'या, बसा' म्हटलेले नसताना आणि पाण्याचा तांब्याही पुढे आलेला नसताना, या घरात आज काहीतरी बिनसले आहे, यजमानाच्या मोकळ्या हसण्याखाली काहीतरी दडपून ठेवलेले आहे आणि आतल्या खोलीतला भांड्यांचा आवाज नेहमीचा नाही, हे ज्याला कोणी न सांगता उमगते, आणि उमगल्याबरोबर ज्याच्या स्वतःच्याच घशाशी आवंढा दाटतो, असा एखादा तरी मनुष्य कृष्णाकाठच्या बहुतेक गावांत आढळतो. गाव त्याला हळवा म्हणते, लहानपणी मायाळू म्हणून त्याचे कौतुक करते, आणि पुढे संसाराच्या वयात त्याच गुणापायी त्याला व्यवहारशून्यही ठरवते. परदुःखाने व्यथित होणे हे धर्मग्रंथांनी संतांचे लक्षण मानले. वैद्यकाच्या ग्रंथांत या स्वभावाची रोग म्हणून नोंद नाही, आणि ती नाही हे योग्यच झाले. परंतु जो संत नाही आणि रुग्णही नाही, ज्याला सकाळी कचेरीत वेळेवर रुजू व्हायचे आहे, संध्याकाळी एस.टी.च्या गर्दीतून घरी परतायचे आहे, मुलांच्या शाळांची आणि म्हाताऱ्यांच्या औषधांची तजवीज करायची आहे, त्याने भोवतालच्या माणसांच्या सुखदुःखांचे हे न मागता अंगावर येणारे ओझे वाहत जगावे कसे, याचा विचार आपल्याकडे फार थोडा झाला आहे. पुढील पानांचा विषय तो आहे, आणि ही प्रस्तावना त्या विषयाची सरहद्द आखण्यासाठी आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दुसऱ्याचे मन ओळखता येणे आणि दुसऱ्याच्या मनाने व्यथित होणे या दोन वेगळ्या शक्ती आहेत, आणि पहिली असलेल्या माणसाजवळ दुसरी असेलच असे नाही. जुना सावकार ऋणकोच्या चेहऱ्यावरून त्याची निकड बिनचूक ओळखत असे, आणि त्या ओळखीच्या आधारानेच व्याजाचा दर ठरवीत असे. खरसुंडीच्या किंवा म्हसवडच्या जत्रेतला जनावरांचा दलाल रुमालाखाली बोटे धरता धरता समोरच्या शेतकऱ्याला बैल विकणे किती भाग आहे हे जाणतो. कसलेला फौजदार जबानी देणाऱ्याची भीती त्याच्या शब्दांआधी वाचतो. यांपैकी कोणाचीही रात्रीची झोप त्या जाणिवेने उडत नाही. आपल्या विषयातील मनुष्य याच्या उलट असतो. समोरच्याचे दुःख त्याला कळते ते बुद्धीच्या वाटेने कळत नाही. ते आधी त्याच्या छातीत, पोटात, खांद्यांत उतरते आणि मग, बऱ्याच वेळाने, 'हे माझे नव्हे, समोरच्याचे आहे' असा उलगडा त्याला होतो. पुष्कळांना तो उलगडाही होत नाही, आणि दिवसभर आपणच का उदास आहोत याचे कारण ते स्वतःच्या आयुष्यात शोधीत बसतात.

हा विचार मी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या आधाराने मांडतो आहे. हे दोन जिल्हे वस्तुतः एकाच घरातून वेगळे निघालेले भाऊ आहेत. १९४९ साली जुन्या साताऱ्याचा दक्षिण भाग आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या प्रदेशाच्या पश्चिम कडेला महाबळेश्वरात वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत तो जेमतेम वीस इंचांच्या आसपास, आणि तोही लहरीने पडतो. एकाच्या शेतात ऊस डोलतो आणि त्याच्याच सोयऱ्याच्या शेतात पेरलेले बी करपून जाते, अशी ही भूमी आहे. माणदेशातून माणसे पिढ्यान् पिढ्या जगायला बाहेर गेली, कोणी मुंबईच्या गिरण्यांत, कोणी मेंढरे घेऊन दूरच्या रानात, आणि विटा-आटपाडीकडचे गलाईवाले सोने-चांदी गाळण्याचा धंदा घेऊन हिंदुस्थानच्या पार टोकाच्या शहरांत. मागे राहिलेल्या घरांत दुसऱ्याच्या हाताने लिहून आलेल्या पत्रातून मुलाच्या मनाची अवस्था ताडण्याची सवय बायकांना लागली. 'इकडील सर्व क्षेम' या ठरीव ओळीत यंदा क्षेम नाही हे त्यांना पोस्टमन वाचून दाखवीत असतानाच कळे. ज्या भूमीत कोणीतरी नेहमीच दूर असते, त्या भूमीत न बोललेले ऐकण्याची शक्ती वाढीस लागते असे मला वाटते, जरी हे मत सिद्ध करण्यासारखे कोणतेही दप्तर माझ्याजवळ नाही.

याच भूमीने या प्रश्नाचे सर्वांत सूक्ष्म शास्त्रही आपल्या अंगणात प्रत्यक्ष घडताना पाहिले आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत, चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने, विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाचा आरंभ झाला. रामाने धनुष्य उचलले तेव्हा प्रेक्षकांचे श्वास रोखले गेले असतील. परंतु राम होऊन कोणी उभा राहिलेला मनुष्य आपला शेजारी आहे हेही त्या प्रेक्षकांना ठाऊक होते. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी काश्मिरात अभिनवगुप्तांनी याच अनुभवाची चिकित्सा केली. दुसऱ्याच्या भावनेशी एकरूप होऊ शकणाऱ्या प्रेक्षकाला त्यांनी सहृदय म्हटले, आणि त्याच्या रसास्वादात येणारी जी विघ्ने त्यांनी सांगितली त्यांत एक विघ्न फार मार्मिक आहे: प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने विवश झालेला असणे. मंचावरच्या शोकात जो आपला खाजगी शोक मिसळतो त्याला रस मिळत नाही, नुसते दुःखच मिळते. म्हणूनच गायन आहे, पात्रांची वेशभूषा आहे, मंचाची उंची आहे. ही सारी योजना प्रेक्षकाला त्याच्या 'मी'पासून आणि पात्राला त्याच्या विशिष्टपणापासून सोडवण्यासाठी आहे. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर वसलेल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली 'संगीत शारदा' रंगभूमीवर आणले तेव्हा पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी पाहून लोक हळहळले. पण ती हळहळ त्यांना मोडून टाकणारी नव्हती, आणि त्यामुळेच ती नाट्यगृहाबाहेर येऊन जरठ-कुमारी विवाहाविरुद्धच्या लोकमतात भर घालू शकली. आपल्या विषयातील मनुष्याची अडचण नेमकी येथे आहे. तो जन्मतः सहृदय आहे, परंतु त्याच्यापुढे मंच नाही आणि पडदाही नाही. स्वयंपाकघरात, बाजारात, दवाखान्याच्या बाकावर, सर्वत्र खेळ चालूच आहे आणि उठून जाण्याची सोय नाही.

अर्वाचीन शास्त्राने यात जी भर घातली ती थोडक्यात सांगतो, कारण तिचा गाजावाजा तिच्या सिद्धतेहून मोठा झाला आहे. दुसऱ्याच्या जागी कल्पनेने स्वतःला ठेवून आपण त्याचे दुःख अनुभवतो, असे अ‍ॅडम स्मिथने १७५९ साली लिहिले. १९९० नंतरच्या दशकात इटलीतील पार्मा येथे माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या की ज्या स्वतः वस्तू उचलतानाही उद्दीपित होतात आणि दुसऱ्याला उचलताना पाहतानाही. त्यावरून माणसाच्या करुणेचे मूळ सापडले अशी घाईची द्वाही फिरवली गेली, जी अजूनही विवादास्पद आहे. अधिक भरवशाचे काम मला टानिया सिंगर यांचे वाटते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, आपल्या प्रिय व्यक्तीला वेदना दिली जात आहे एवढे कळताच स्त्रियांच्या मेंदूतील वेदनेच्या भावनात्मक भागाशी संबंधित केंद्रे जागी झाली, जणू ती वेदना अंशतः त्यांनाच झाली. पुढे सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि या पुस्तकाचा पुष्कळसा भार मी तिच्यावर टाकला आहे: दुसऱ्याच्या दुःखात बुडणे आणि दुसऱ्याचे बरे व्हावे म्हणून मनाने पुढे सरकणे या दोन अवस्थांत मेंदूची वेगवेगळी केंद्रे काम करतात, पहिली अवस्था माणसाला थकवते, दुसरी त्याला उभे ठेवते, आणि पहिलीतून दुसरीकडे जाण्याचा अभ्यास करता येतो.

एक कटू गोष्टही येथेच सांगितली पाहिजे, कारण हळव्या माणसांचे गुणगान करणारे लोक ती टाळतात. आपल्याला दुसऱ्याच्या मनातले कळते असा ज्यांचा दृढ विश्वास असतो त्यांना ते खरोखरच अधिक अचूक कळते का, याची परीक्षा विल्यम इक्स आदी मानसशास्त्रज्ञांनी घेतली आहे, आणि त्या विश्वासाचा अचूकतेशी संबंध फार दुबळा निघाला आहे. माझाही अनुभव असाच आहे. असा मनुष्य दुःखाचे अस्तित्व बहुधा बरोबर हेरतो. त्याचे कारण मात्र वारंवार चुकीचे ठरवतो, आणि कित्येकदा ते कारण स्वतःच्याच ठिकाणी कल्पितो. शेजारचे गृहस्थ आज तुटक बोलले, म्हणजे आपलेच काही चुकले, असे मानून तो रात्रभर तळमळतो. त्या गृहस्थांना दाढदुखी असते. शिवाय, 'तुझ्या मनातले मला तुझ्याआधी कळले' असे जो पुन्हा पुन्हा सांगतो, तो समोरच्याचा स्वतःचे मन स्वतः सांगण्याचा अधिकार हिरावून घेतो. अशा घरातील मुलांना आपल्या रागालाही राग म्हणण्याची मुभा राहत नाही, कारण आईने आधीच त्याचे नाव 'दमणूक' असे ठरवलेले असते. विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे, हा साधा रिवाज या माणसांनी इतरांहून अधिक कसोशीने पाळला पाहिजे असे माझे मत आहे.

मग ही शक्ती असलेल्याने करावे काय? ती बोथट करून घ्यावी असा सल्ला वडीलधारे देतात, आणि तो अमलात आणणे कोणालाच जमत नाही. वाईपासून माहुली, औदुंबर, सांगलीपर्यंत कृष्णेला जे घाट बांधले आहेत त्यांच्यात मला अधिक शहाणपण दिसते: घाट नदीला अडवीत नाही, पाण्यापर्यंत उतरायला पायऱ्या देतो, आणि त्याच पायऱ्यांनी परत वर येता येते. ज्या स्त्रीपुरुषांनी दुसऱ्यांचे दुःख सर्वस्वी आपलेसे करूनही त्यात आपला तोल जाऊ दिला नाही, त्यांची चरित्रे मी पाहिली तेव्हा प्रत्येकाने आपल्या जिव्हाळ्याला काही बांधीव रूप दिलेले आढळले. कोणी स्वयंपाकघराचे, कोणी कायद्याचे, कोणी शेतीचे.

स्वयंपाकघराचे उदाहरण साताऱ्याचे आहे. किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या कामाने गावोगाव हिंडताना बहुजनांच्या अज्ञानाचे दर्शन ज्यांना घडले, त्या भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. भाऊरावांचे कार्य सर्वश्रुत आहे. त्यांच्या तरुणपणीची, अस्पृश्यांना पाणी नाकारणाऱ्या विहिरीचा राहाट मोडून टाकल्याची कथा शाळांतून सांगितली जाते. मला येथे त्यांच्या पत्नीकडे, लक्ष्मीबाईंकडे, लक्ष वेधायचे आहे. त्या कुंभोजच्या, सुखवस्तू जैन घरातल्या, सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या. साताऱ्याच्या वसतिगृहात महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशा सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला जेवत, आणि त्या पंगतीच्या मागे लक्ष्मीबाई उभ्या असत. ज्या संस्कारांनी स्पर्शालाही हिशेब लावला होता ते संस्कार एका दिवसात गळून पडले असतील असे मानण्याचे कारण नाही. भुकेलेल्या मुलाला पाहून तुटणारे आतडे आणि पिढ्यांचे सोवळे यांचा झगडा त्यांच्या मनात झालाच असणार, आणि जिंकले ते आतडे. दागिने एकेक करून गेले. पुढे एक दिवस असा आला की वसतिगृहात धान्य नव्हते आणि विकण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते. तेव्हा त्यांनी मंगळसूत्र दिले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले, आणि १९३० साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. त्यांच्या करुणेविषयी लिहिणारे मंगळसूत्रापाशी थांबतात, कारण तो प्रसंग डोळ्यांत पाणी आणतो. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्याच्या आधीचे आणि नंतरचे रोजचे काम: पीठ किती, कालवणाला काय, आजारी मुलगा कोणता, कोणाच्या अंगावर पांघरूण नाही. पंगतीतला प्रत्येक उदास चेहरा पाहून ती माउली नुसती रडत बसली असती तर एकाही मुलाच्या ताटात भाकरी पडली नसती. भाऊरावांनी कमवा आणि शिका हे तत्त्व ठेवले याचाही अर्थ मी याच दृष्टीने लावतो. ज्याच्यासाठी आपला जीव तुटतो त्याला केवळ दयेचे पात्र करून ठेवायचे नाही, एवढी शिस्त त्या जिव्हाळ्याला तेथे होती.

कायद्याचे उदाहरण तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे आहे, आणि ते महाराष्ट्राच्या बाहेर जितके अभ्यासले गेले तितके आपल्या घराघरांत सांगितले गेले नाही याची मला खंत वाटते. विधान परिषदेचे अध्यक्ष वि. स. पागे हे संतवाङ्मयात रमणारे गृहस्थ. हाताला काम नसलेल्या धडधाकट माणसाच्या मनात जी लाज आणि जो संताप साठतो त्याची बोच त्यांना होती, आणि त्या बोचीचे त्यांनी योजनेत रूपांतर केले. जो काम मागेल त्याला काम देण्याचे बंधन सरकारने पत्करावे, या कल्पनेचा प्रयोग १९६९ साली विसापुरात झाला. १९७२चा दुष्काळ आला तेव्हा याच प्रदेशातल्या माणसांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या आणि कामावर मिळणारी सुकडी पदरात बांधून मुलांसाठी घरी नेली. १९७३च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्याच काळात रोजगार हमी योजना सुरू झाली, १९७७ साली तिचा कायदा संमत झाला आणि १९७९च्या प्रजासत्ताक दिनापासून तो अमलात आला. अर्ज आल्यापासून पंधरा दिवसांच्या मुदतीत काम, न दिल्यास बेकारी भत्ता, आणि खर्चासाठी शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर. देशाने २००५ साली ग्रामीण रोजगाराचा कायदा केला तेव्हा त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

या कलमांकडे मी करुणेचे साहित्य म्हणून पाहतो. दादरच्या कचेरीतील कारकुनाला जतच्या बाईचे दुःख कळावे, कळून त्याचे मन द्रवावे आणि मग त्याने दान करावे, अशी अपेक्षा कायद्याने ठेवली नाही. त्याच्या पगारातून कर कापला गेला आणि जतच्या बाईचे नाव हजेरीपटावर लागले. मामलेदार कचेरीत अर्ज घेणारा अव्वल कारकून हळवा असो की रुक्ष, मुदत सर्वांना सारखीच लागू. मला असे कारकून माहीत आहेत की जे तगाईच्या आणि जप्तीच्या दिवसांत अर्जदाराचा चेहरा पाहणे असह्य होऊन मान खाली घालून लिहीत, आणि लोक त्यांना उर्मट समजत. हातात देण्यासारखे काही नसताना दुसऱ्याची याचना रोज अंगावर घेणे याहून मोठी शिक्षा हळव्या मनाला नाही. नियमाने त्याच्या हाती काही दिले की त्याच माणसाची मान वर येते.

शेतीचे उदाहरण आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचे, आणि ते तिन्हींत अद्भुत. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आपल्या प्रजेला राज्यघटना देऊन सत्ता स्वतःहून सोडली, त्याच वर्षी मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या आणि भारतानंद नाव घेतलेल्या अभियंत्याच्या प्रेरणेने गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांची एक खुली वसाहत उभी राहिली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. कसायला जमीन आणि सोबत राहायला कुटुंब. खून केलेल्या माणसाच्या मनाचा शेजार करणे सोपे नसते. त्याचा पश्चात्ताप तेवढा आपलासा करावा आणि त्याने ज्याला मारले त्याच्या विधवेचे दुःख विसरावे, हा मोह सहृदय माणसाला नेहमी पडतो, कारण जो समोर असतो त्याचेच दुःख अंगात भिनते आणि जो दूर आहे त्याचे नाही. या शक्तीचा हा मोठा दोष आहे, ती जवळच्याचा पक्षपात करते. स्वतंत्रपुरात शिक्षा माफ झालेली नव्हती. मुदत होती, कष्ट होते, आणि माणसावर टाकलेला विश्वास होता. याच प्रयोगावरून माणदेशच्या ग. दि. माडगूळकरांनी कथा रचली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांनी 'दो आँखें बारह हाथ' काढला, ज्याला पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. वसाहत आजही आहे.

या पुस्तकात सावित्रीबाई फुल्यांवर स्वतंत्र प्रकरण नाही, आणि ते का नाही हे सांगणे माझे कर्तव्य आहे. त्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या कन्या. १८९७च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात आल्या, आणि तोच संसर्ग होऊन १० मार्च रोजी गेल्या. येथे स्वतःचा बचाव, शिस्त, परत येण्याची वाट, हे माझे सारे विवेचन अपुरे पडते. दवाखाना होता, मुलगा वैद्यक शिकलेला होता, म्हणजे बांधीव रूपही होते. तरी त्या वाचल्या नाहीत, आणि मुलाला पाठीवर घेताना वाचण्याचा विचार त्यांनी केला असेल असे वाटत नाही. ज्या जीवनापुढे आपला सिद्धांत टिकत नाही त्याला सिद्धांताचे उदाहरण करणे मला अनुचित वाटले.

मोठ्यांच्या या कथांनंतर सामान्य घरांकडे वळले पाहिजे, कारण पुस्तकाचा बहुतेक भाग तेथला आहे. एकत्र कुटुंबात बहुधा एखादी सून, एखादी आत्या, कधी एखादा मधला भाऊ असा असतो की सर्वांच्या तक्रारी त्याच्यापाशी जमा होतात. सासू सुनेविषयी त्याला सांगते, सून सासूविषयी, थोरला धाकट्याविषयी. तो सर्वांचे ऐकतो, सर्वांच्या बाजूने तळमळतो, आणि वाटणीच्या दिवशी त्याच्या वाट्याला दोन्हींकडचा संशय येतो. बायकांच्या बाबतीत तर या शक्तीला गुण मानून कामाला जुंपले जाते. घरात मरणपंथाला लागलेल्या माणसाजवळ रात्री कोण बसणार, याचे उत्तर कोणी न ठरवता ठरलेले असते. 'तिला जमतं' असे म्हटले की इतरांची सुटका होते. तिला जमते हे खरे, परंतु त्यानंतर महिना-महिना तिला जेवण जात नाही, याची नोंद कोणी ठेवीत नाही. अशा स्त्रीने एखाद्या रात्री 'आज तुम्ही बसा' म्हणावे, आणि घराने ते निमूटपणे मानावे, एवढा बदल जरी या पुस्तकाच्या वाचनाने चार घरांत झाला तरी मला पुष्कळ वाटेल.

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि अर्धे शहर पाण्यात गेले तेव्हा शाळा-शाळांतून उघडलेल्या निवारा केंद्रांत मी हेच पाहिले. सर्वांत आधी धावून आले ते हळवे लोक, आणि सर्वांत आधी कोसळले तेही तेच. वाहून गेलेल्या जनावरांची, भिजलेल्या दप्तरांची, बुडालेल्या दुकानांची हकिकत ऐकता ऐकता तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांना बोलवेना. त्यांच्यातल्या ज्यांना कोणीतरी खेड्यांतून आलेल्या भाकऱ्यांचे गठ्ठे मोजून वाटण्याचे काम लावून दिले, औषधांची यादी हाती दिली, ते मात्र पाणी ओसरून चिखल काढण्याच्या दिवसांपर्यंत टिकले, आणि भाकरी देता देता त्यांनी हकिकतीही ऐकल्या.

दुःखाविषयीच लिहीत राहिलो तर या माणसांवर अन्याय होईल, कारण दुसऱ्याचा आनंदही त्यांना तितकाच सहज लागतो. बेंदराच्या दिवशी शेजाऱ्याच्या बैलाची शिंगे रंगली की ज्यांच्या गोठ्यात बैल उरला नाही तेही हरखतात. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण या मार्गाने साताऱ्याच्या हद्दीतून जाते, आणि चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण होते, तेव्हा लाखोंच्या त्या गर्दीत अशा माणसाला गुदमरल्यासारखे होईल अशी माझी अटकळ होती. अशा कित्येकांनी मला उलटच सांगितले. एस.टी. स्थानकावरची गर्दी त्यांना सोसत नाही, कारण तेथे प्रत्येकाच्या मनात निराळे काही चाललेले असते, एकाची घाई, दुसऱ्याची चिंता, तिसऱ्याचा भांडणाचा कडवटपणा, आणि ते सारे एकाच वेळी आदळते. रिंगणात मात्र सर्वांच्या मनात एकच भाव असतो, आणि त्या एका भावात स्वतःचे मन वेगळे राखण्याचा श्रम क्षणभर थांबतो. ही गोष्ट मला कोणत्याही ग्रंथात मिळाली नव्हती.

पुढील प्रकरणांतील सामान्य स्त्रीपुरुषांची नावे, गावे आणि नाती मी बदलली किंवा गाळली आहेत. त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या घरच्यांविषयीही होते, आणि घरच्यांची संमती मी घेतलेली नाही. काहींनी हस्तलिखित वाचून एखादा प्रसंग काढून टाकण्यास सांगितले. तो काढला आहे, आणि त्या ठिकाणी कथन तुटक वाटल्यास वाचकांनी ते तसेच चालवून घ्यावे. प्रकरणांचा क्रम कालानुसार नाही. ज्यांच्या घरी असा एखादा मनुष्य आहे त्यांनी एकत्र कुटुंबाविषयीचे प्रकरण आधी वाचावे, आणि जे स्वतः तसे आहेत त्यांनी रुग्णशुश्रूषेचे प्रकरण रात्री वाचू नये, अशी माझी विनंती आहे.